आधी पातं, मग इंजिन: बर्फावरच्या मासेमारीसाठी पॉवर ऑगर

सुताराच्या पेटीतलं गिरमिट ज्याने पाहिलंय, त्याला ऑगर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. टोकाला धार, अंगाला मळसूत्र, वर फिरवायला मूठ. गोठलेल्या तळ्यावर गळ टाकायचा तर बर्फाला भोक हवं, आणि ते पाडणारा ऑगर हा त्याच गिरमिटाचा कमरेएवढा थोरला भाऊ. हाताऐवजी मोटार किंवा इंजिन त्याला फिरवू लागलं की तो झाला पॉवर ऑगर.

नवखा माणूस ऑगर घ्यायला निघाला की पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतो. किती सीसी? किती व्होल्ट? मीही तेच विचारायचे. काही हिवाळे बर्फावर काढल्यावर आता मला कुणी विचारलं, तर मी आधी ऑगर उलटा करून पातं बघायला सांगते. इंजिन नुसतं फिरवतं, बर्फ कापायचं काम पात्याचं. धार गेलेल्या पात्यावर केवढंही दांडगं यंत्र बसवा, ते बर्फावर गरगरत राहील, कान किटवील, तुमची पाठ धरायला लावील आणि बोटभर खळगा पाडून थांबेल.

यंत्र लागतंच का?

कधीकधी नाही लागत. बर्फ वीतभर जाड असेल आणि दिवसाला चार-पाच भोकं पुरत असतील, तर चांगल्या धारेचा हाती ऑगर उत्तम. हलका, मुका, बिघडायला त्यात काही नाही. यंत्राची गरज दोन गोष्टींमुळे पडते: बर्फाची जाडी आणि भोकांची संख्या.

जाडीचा हिशोब लोक फार कमी धरतात. ६० सेंटिमीटर जाड बर्फात १५ सेंटिमीटर रुंदीचं भोक पाडलं, तर सुमारे साडेदहा लिटर बर्फ किसून वर काढावा लागतो. रुंदी २० सेंटिमीटर केली की तो जातो जवळजवळ १९ लिटरवर, आणि २५ केली की साडेएकोणतीसवर. भोक बोटभर रुंद झालं तरी मेहनत बादलीने वाढते. हे गणित पुढे माप निवडताना परत लागेल.

संख्येचं म्हणाल, तर बर्फाखालचे मासे तुमच्याकडे चालून येत नाहीत, त्यांना शोधत फिरावं लागतं. तळ जिथे उतरत जातो तिथे, पाणवनस्पतींच्या कडेला, उथळातून खोलात जाणाऱ्या रेषेवर एका दमात आठ-दहा भोकं पाडून ठेवायची आणि मग एकेकात गळ सोडून बघायचा, ही मुरलेल्यांची रीत. आधी सगळी भोकं पाडून घेतली की आवाजाचा गोंधळ एकदाच होतो, मग पाणी निवांत. हाती ऑगरने सातवं भोक पाडताना माणूस स्वतःशीच खोटं बोलायला लागतो: "इथेच असतील मासे, कशाला पुढे जायचं!" यंत्राचा खरा फायदा मला इथे वाटतो. जागा बदलायचा कंटाळा येत नाही.

भोक केवढं?

मापं इंचात चालतात आणि मुख्य मापं तीन: ६, ८ आणि १० इंच, म्हणजे अंदाजे १५, २० आणि २५ सेंटिमीटर. पर्चसारख्या पंजाएवढ्या माशांना ६ इंच भरपूर. वॉलाय, ट्राउट, मधूनच लागणारा पाईक असा मिश्र बेत असेल तर ८ इंच. १० इंच हे मोठ्या पाईकच्या किंवा लेक ट्राउटच्या मागे लागणाऱ्यांचं माप.

पहिलाच ऑगर असेल तर ८ इंचावर डोळे झाकून बोट ठेवा. ड्रिल मशीनवर चालवणार असाल तर ६ इंचाचाही विचार करा. १० इंचाचा मोह टाळा. "मोठा मासा लागला आणि भोकातून आलाच नाही तर?" ही धास्ती प्रत्येक नवख्याला असते. माशाचं डोकं आधी भोकात आणलं तर ८ इंचातून चांगला दणकट मासाही वर येतो, तो निसटतो बहुधा घाईमुळे. ६ इंचाची खरी अडचण वेगळी आहे: सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, सेन्सर भोकात सोडून बसलात, तर त्याची वायर आणि गळाची दोरी एकमेकींच्या गळ्यात पडतात.

भोकाची रुंदी आणि एका माणसाने किती गळ लावायचे, यावर बऱ्याच ठिकाणी कायद्याची मर्यादा असते. मासेमारीच्या परवान्याबरोबरची नियमावली ऑगर घेण्याआधी वाचा, नंतर नको.

पातं

इथे थोडा वेळ काढा. पात्यांच्या ढोबळ दोन जाती. शेव्हर आणि चिपर. सुतारकामाच्या भाषेत बोलायचं तर शेव्हर म्हणजे रंधा आणि चिपर म्हणजे छिन्नी.

शेव्हरची धार सपाट, सलग. ती बर्फाची पातळ सालपटं काढत सरकन खाली जाते, भोक गुळगुळीत होतं, मोटारीला ताण कमी पडतो. बॅटरीच्या बहुतेक ऑगरना हीच पाती असतात, कारण थोड्या ताकदीत जास्त काम होतं. पण ती नाजूक. बर्फात वाळूचे कण असले, वाऱ्याने काठावरची माती उडून बसली असली, की धार मेलीच म्हणून समजा. आणि अर्धवट गोठलेलं जुनं भोक शेव्हरने उघडायला जाऊ नका. वाकड्यातिकड्या कडेवर एक पातं टेकतं, दुसरं अधांतरी राहतं आणि सगळा ऑगर उसळतो.

चिपरची पाती दातेरी. ती बर्फ फोडत जातात, धक्के जास्त बसतात, वेग कमी. पण मळका बर्फ, जुनी भोकं, थोडीफार आदळआपट हे सगळं ती सोसतात. बर्फावरच्या एकाच झोपडीत आठवडाभर राहून रोज तीच भोकं उघडणाऱ्यांना चिपर बरी. फिरत्या माणसाला शेव्हर.

धार आहे की गेली, हे बोट फिरवून बघू नका. भलती जखम होते, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटाला ती लगेच कळतही नाही. कीस बघा. धारदार पातं जाडसर सालपटं उडवतं आणि स्वतःच खाली ओढलं जातं. बोथट पात्याखालून पिठासारखा भुगा निघतो आणि ऑगरवर रेलावंसं वाटायला लागतं. रेलावंसं वाटलं की समजा, पाती बदलायची वेळ झाली.

घरी धार लावायचा प्रयोग मी केलाय. दगडावर पाणी टाकून तासभर घासलं. पात्याने कागद सुळसुळ कापला, मी खूश. दुसऱ्या दिवशी बर्फावर ते पातं एक सूतही आत जाईना, नुसतं वर फिरत राहिलं. धार उत्तम होती, कोन बिघडला होता. घासताना धारेच्या मागचा भाग उंच राहिला, त्यामुळे बर्फाला आधी तोच टेकत होता आणि धार हवेत होती. केसाएवढ्या फरकाने हा खेळ होतो. तेव्हापासून मी बोथट पाती धारवाल्याकडे देते, तोही ऑगरची पाती ओळखणारा असेल तरच. बाकी वेळी सरळ नवी जोडी.

जोडी म्हणतेय, कारण पाती नेहमी एकत्र बदलायची. एक नवं, एक जुनं बसवलं तर ऑगर लंगडतो. सुटी जोडी आणि तिचे स्क्रू काढणारी ॲलन की कायम पिशवीत ठेवा. बर्फावर पाती बदलताना खाली टॉवेल किंवा डब्याचं झाकण धरा. तो एवढासा स्क्रू भुसभुशीत बर्फात पडला की गेला. कामाला हात लावण्याआधी बॅटरी काढायची किंवा स्पार्क प्लगची वायर ओढून ठेवायची, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

ताकद कुठून घ्यायची?

ड्रिल मशीन. घरात चांगली कॉर्डलेस ड्रिल असेल तर नवख्याला यासारखी सुरुवात नाही. ऑगरचा खालचा भाग वेगळा मिळतो, तो ड्रिलच्या तोंडात पकडायचा. पण "चांगली" म्हणजे काय ते बघून घ्या. मोटार ब्रशलेस हवी, जबडा अर्ध्या इंचाचा हवा, आणि टॉर्क, म्हणजे पिळून फिरवायची ताकद, निदान ८० न्यूटन मीटरच्या आसपास. अमेरिकी मापात तोच आकडा ७०० इंच-पाउंड असा लिहिलेला दिसेल. भिंतीत खिळ्यापुरती भोकं पाडणारी छोटी ड्रिल इथे जळते. १८ व्होल्ट आणि "२० व्होल्ट मॅक्स" यात डोकं घालू नका, आतल्या बॅटऱ्या सारख्याच असतात. पहिला आकडा सरासरी व्होल्टेजचा, दुसरा पूर्ण चार्ज असतानाचा. बॅटऱ्या ४ किंवा ५ अँपिअर-तासांच्या, आणि दोन.

ड्रिलला आडवं हँडल लावल्याशिवाय ऑगर चालवू नका. पातं अडकलं की ड्रिल मनगट पिळवटते, आणि एवढ्या टॉर्कपुढे मनगटाचं काही चालत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ऑगरच्या दांड्यावर बसणारी थाळी. भोकापेक्षा रुंद अशी ती चकती फालतू दिसते. मलाही दिसली होती, म्हणून मी ती घरी ठेवून गेले. तिसऱ्या भोकात बर्फाचा लगदा झटकायला ड्रिल दोन-तीनदा उलटी फिरवली, जबडा सैल झाला, आणि ऑगर माझ्या डोळ्यांसमोर शांतपणे पाण्यात उतरला. बुडबुडासुद्धा आला नाही. हातात ड्रिल, पायाशी सुबक गोल भोक. ती थाळी असती तर ऑगर भोकाच्या तोंडावर अडला असता.

बॅटरीचा अखंड ऑगर. मोटार, हँडल, मळसूत्र सगळं एकत्र. ड्रिलपेक्षा ताकद जास्त, दोन हातांत धरायची रुंद हँडलं, आणि बहुतेकांना उलटं फिरायचं बटण. ८ इंचाच्या भोकाला आणि हाताएवढ्या जाड बर्फाला सगळ्यात सोयीचा पर्याय हाच. धूर नाही, दोरी ओढणं नाही. कंपन्या "एका चार्जमध्ये इतके इंच बर्फ" असं लिहितात. त्या आकड्याला तुमच्या बर्फाच्या जाडीने भागा. १००० इंच लिहिलं असेल आणि बर्फ २० इंच असेल तर कागदावर ५० भोकं. कडाक्याची थंडी आणि थोडी उतरलेली धार गृहीत धरून मी त्यातली निम्मीच आपली मानते.

लिथियम बॅटरीचे दोन नियम पाठ करा. थंडीत ती कमी देते, म्हणून वापर नसताना ती कोटाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवा. आणि गारठलेली बॅटरी थेट चार्जरला लावू नका. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर जमतो आणि बॅटरी कायमची खराब होते. घरी आल्यावर तिला दोन तास खोलीत पडू द्या.

पेट्रोल. दिवसभर, मीटरभर जाड बर्फात, १० इंची भोकं पाडणाऱ्यांना अजूनही पेट्रोलच भरवशाचं वाटतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि, ४०:१ म्हणजे २५ मिलि. तुमच्या इंजिनाला कोणतं ते टाकीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. फोर-स्ट्रोकला मिश्रण नको, धूर आणि आवाज कमी, पण आतल्या ऑइलमुळे तो आडवा टाकून न्यायची पंचाईत. वजन दोन्हींचं जास्त, आणि दोन्ही इंजिनांना पेट्रोल आणि हवा मिसळणारं कार्ब्युरेटर नावाचं लहरी प्रकरण आहे.

प्रोपेन. छोट्या सिलिंडरवर चालतो, मिश्रण नाही, इंजिन पेट्रोलने तुंबत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे पारा तिकडे सरकू लागला की सिलिंडरमधला दाब पडत जातो.

इंजिनाचा कुठलाही ऑगर तंबूत किंवा झोपडीत चालवू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. भोकं आधी उघड्यावर पाडा, तंबू मग त्यांच्यावर उभा करा.

बर्फावर पाय ठेवण्याआधी

ऑगर कितीही चांगला असो, बर्फ धरेल की नाही ते पहिल्या पावलाआधी सांगायचं काम त्याचं नाही. ते पहारीचं. टोकदार लोखंडी पहार पुढे आपटत चालायचं, एका दणक्यात पाणी दिसलं तर आल्या पावली मागे. मग काठाजवळ ऑगरने पहिलं भोक, जाडी मोजायची, आणि पुढे दर ४०-५० मीटरवर परत. एकाच तळ्यावर इकडे हातभर आणि तिकडे चार बोटं असा बर्फ असतो. झरे, ओढ्याची तोंडं, पुलाचे खांब, वाहतं पाणी या जागा सगळ्यात दगाबाज.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग चालत जाणाऱ्या माणसासाठी निदान ४ इंच आणि स्नोमोबाइल या बर्फावरच्या गाडीसाठी ५ ते ७ इंच जाडी सांगतो. हे आकडे नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाचे आहेत. वरून पडलेला बर्फ भिजून पुन्हा गोठला की दुधाळ पांढरा थर होतो, त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणजे जाडी दुप्पट हवी. भोकाच्या कडेला रंग नीट दिसतो, कीस बाजूला करून वाकून बघा.

सोबत काय हवं? एक माणूस. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात बर्फात रोवायच्या टोकदार मुठी, दोर. आणि बुटांना खिळ्यांचे पट्टे. हे पट्टे नवखे लोक घसरू नये म्हणून घेतात, पण ऑगर चालवताना त्यांचं काम त्याहून मोठं. गुळगुळीत बर्फावर पाय रोवले नाहीत तर पातं जागेवर राहतं आणि तुम्ही फिरता.

पहिलं भोक

जागा ठरली की वरचा भुसभुशीत बर्फ बुटाने किंवा फावड्याने खरवडून टाका. खाली कडक बर्फ दिसला पाहिजे. पाणी उथळ असेल तर खोली आधी कुणाला तरी विचारा किंवा काठाचा उतार बघून अंदाज घ्या. बर्फातून सुटलेलं पातं फूटभर खालच्या वाळूत जाऊन आदळलं, तर एका सेकंदात नवी जोडी कामातून जाते.

मफलर कोटाच्या आत, कोटाच्या दोऱ्या आत, लांब केस टोपीत. फिरणारं मळसूत्र लोंबतं काही सोडत नाही. पात्यावरचं प्लास्टिकचं कवच काढा आणि खिशात घाला. बर्फावर ठेवलं तर वाऱ्यासोबत ते तळं ओलांडून जातं.

पाय खांद्यांपेक्षा थोडे फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहा. ऑगर दोन्ही पायांच्या मध्ये, जरा पुढे, अगदी उभा. तिरका धरला तर भोक अंडाकृती होतं आणि पातं अर्ध्यात अडकतं. वरून पाहिलं तर ऑगर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे तो अडकला की हँडल उलट्या दिशेला झेप घेतं. तो झटका कुठून येणार हे माहीत असलं की कोपर आपसूक शरीराजवळ येतात. ड्रिल असेल तर गिअर १ वर, क्लच ड्रिलच्या खुणेवर, हॅमर बंद.

इंजिनवाला असेल तर आधी एक परीक्षा. इंजिन सुरू करून थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, सोडून द्या, ऑगर स्थिर राहिला पाहिजे. नुसत्या मंद चालीवर तो फिरत असेल तर क्लच किंवा इंजिनाची मंद चाल बिघडलेली आहे. तो दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही.

आता सुरुवात हळू. मधलं टोक बर्फात रुतू द्या, गोल चर उमटू द्या. चर नीट पडली की वेग पूर्ण वाढवा आणि हातांना सांगा की तुमचं काम फक्त धरायचं आहे. दाबू नका. कीस भसाभसा वर येऊन भोकाभोवती ढीग होतो, तो होऊ द्या. जाड बर्फात वीतभर खाली गेल्यावर, वेग तसाच ठेवून ऑगर थोडा वर उचला, कीस झटकू द्या, परत खाली. मळसूत्राची उंची बर्फापेक्षा जास्त असणं महत्त्वाचं. मळसूत्र पूर्ण बर्फात बुडालं की कीस बाहेर पडायला वाट राहत नाही, तो दांड्याभोवती दाबून बसतो आणि ऑगर आतच गच्च होतो. बर्फ मीटरच्या घरात जाणार असेल तर एक्स्टेन्शनचा जोडदांडा लावूनच काम सुरू करा.

बर्फाची शेवटची दोन बोटं जाडी जपून. आवाज बदलतो, कीस ओला होऊन काळपट दिसायला लागतो, आणि मग पातं खालून सुटताना उरलेल्या कडेला अडकून एक हिसका देतं. या क्षणी बहुतेक लोक जोर करतात, नेमकं तेच करू नये. भार काढा, वेग तसाच ठेवा, हात घट्ट. पातं सुटलं की ऑगर फिरता ठेवूनच सरळ वर ओढा, म्हणजे भोकातला लगदा पाण्यासकट बाहेर फेकला जातो. पातं भोकाच्या तोंडाशी आलं की थ्रॉटल सोडा. उरलेला लगदा झाऱ्याने काढायचा, यासाठी लांब दांड्याचा झाराच मिळतो. उलटं फिरायचं बटण असेल तर एकदा वर-खाली करून लगदा खालच्या पाण्यात ढकलून देता येतो.

पाणी भोकात किती वर येतं ते बघत जा. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि त्याचा सुमारे आठ टक्के भागच वर राहतो, म्हणजे ५० सेंटिमीटर जाड बर्फात पाणी कडेपासून जेमतेम ४ सेंटिमीटर खाली थांबायला हवं. वर ताज्या हिमाचा जड थर असेल तर बर्फाची लादी दबलेली असते, आणि भोक पडताच पाणी उसळून पायाखाली पसरतं. बूट जलरोधक नसतील तर दिवस तिथेच संपतो. चार माणसं, सामान आणि गाडी एका जागी ठेवून भोवती डझनभर भोकं पाडू नका, हे त्याच कारणासाठी.

काही अडलं तर

ऑगर बर्फात अडकला: आधी यंत्र बंद, बॅटरी बाहेर. मग दांडा हाताने उलटा फिरवा. ओढाताण करू नका, पात्याची बैठक वाकते. तरी हलला नाही तर बाजूचा बर्फ पहारीने फोडत जायचं, पात्याला न लावता. त्यासाठी निवांतपणा लागतो आणि वेळ फार नसतो, कारण बंद पडलेला ऑगर भोकात तसाच राहिला तर त्याच्याभोवती पाणी गोठतं. म्हणून अर्ध्या भोकात फोन घ्यायला थांबायचं नाही.

कालपर्यंत चालणारा ऑगर आज कापतच नाही: धार बघायच्या आधी पात्यावर बर्फाचं कवच चढलंय का ते बघा. ओलं पातं उणे १५ मध्ये दोन मिनिटं उघडं राहिलं की धारेवर बर्फ धरतो. हा बर्फ ऑगर जमिनीवर आपटून काढणारे बरेच दिसतील. तुम्ही आपटू नका. हातमोज्यात धरून थोडी ऊब द्या, फडक्याने पुसा. मुळात प्रत्येक भोकानंतर ऑगर हवेत दोन गिरक्या फिरवून पाणी झटकलं आणि प्लास्टिकचं कवच चढवलं तर ही वेळ येत नाही. झटकताना भोवती कुणी नाही ना, तेवढं बघा.

पेट्रोल इंजिन सुरू होत नाही: चोक लावून दोनदा ओढलं, चोक काढून दोनदा, तरी नाही, आणि पेट्रोलचा वास येतोय? मग ते तुंबलंय. प्लग काढून पुसा, दोरी चार-पाच वेळा मोकळी ओढा, दहा मिनिटं थांबा. सुका प्लग जवळ असेल तर थांबायचीही गरज नाही.

जुन्या भोकाशेजारी नवं पाडायचं झालं तर अर्धा मीटर अंतर सोडा. दोन भोकं एकमेकांत घुसली की पाती कडेवर घसरतात. आणि निघताना भोकं तशीच टाकून जाऊ नका. वरून हिम पडलं की ती दिसत नाहीत, मागून येणाऱ्याचा घोटा मुरगळतो. कीस परत भोकावर लोटून ढीग करा, एक फांदी उभी रोवा.

घरी आल्यावर

ऑगर उबदार खोलीत उभा करून ठेवा, खाली फडकं. तासाभरात अंगावरचा बर्फ वितळून टपकतो. मग कवच काढा, आतलं पाणी ओता, पाती कोरडी पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. ओल्या पात्यावर कवच चढवून गाडीत दोन दिवस विसरलं, तर शेव्हरच्या धारेवर तपकिरी ठिपके उमटतात. डोळ्यांना ते किरकोळ दिसतात, बर्फाला नाही.

हंगाम संपल्यावर पेट्रोल टाकीत ठेवू नका. टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरही रिकामा होतो. त्यात जुनं पेट्रोल चिकट होऊन बसलं तर पुढच्या हिवाळ्यात दोरी ओढून ओढून खांदा उतरतो. लिथियम बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा, चार्जरवर टांगून नको. पाती काढून बघा आणि धारेवर एक जरी खाच दिसली तर नवी जोडी तेव्हाच मागवा. पहिला बर्फ धरला की सगळ्यांना एकाच आठवड्यात पाती आठवतात, आणि नेमकं तुमचं माप संपलेलं असतं.